अव्वाला पाठवलेली नोटीस

दुष्काळाच्या पाठोपाठच्या वर्षाची ही गोष्ट. सोलापूरच्या कोर्टाजवळ एका वकीलसाहेबांकडे मी टायपिस्ट होतो. काम म्हणजे दिवसभर नोटिसा बडवायच्या. सकाळी एखाद्या भाडेकरूच्या वतीने टाइप करायचं, ‘मिळकत राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे ही कायद्याने आपली जबाबदारी आहे.’ दुपारी दुसऱ्याच कुणा मालकाच्या वतीने, ‘आपण सदर मिळकतीची नासधूस केलेली आहे.’ बोटं तीच, रिबन तीच. खरं कोण नि खोटं कोण, याचा विचार करायचं मी पहिल्या सहा महिन्यांतच सोडून दिलं होतं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती पोटासाठी रोज चढत होतो, आणि असलेलं शहाणपण थोडं थोडं तिथेच ठेवून येत होतो.

घर कसब्याच्या मागच्या बोळात होतं. दोन खणांचं, माळवदाचं. मी वाढलो मिलच्या चाळीत, पत्र्याखाली. माळवद म्हणजे काय हे मला त्या घराने शिकवलं. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि त्याच्यावर हातभर मातीचा थर. उन्हाळ्यात असं गार की दुपारी झोप लागावी. पावसाळ्यात मात्र त्या मातीची मर्जी सांभाळावी लागते. त्याचीही रीत ठरलेली होती. मिरगाच्या आत मालकाने नवी पांढरी माती आणून घालायची, आणि पाऊस उघडला की राहणाऱ्याने वर चढून धुमसाने, म्हणजे जड लाकडी ठोकण्याने, ती चोपायची, बारीकसारीक भोकं बुजवायची. माती मालकाची, चोपणं भाडेकरूचं. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. कागदावर काहीच नव्हतं. पाडव्याला राहायला यायचं, पुढच्या पाडव्यापर्यंत राहायचं, एवढं उंबऱ्यावर बसून तोंडी ठरलं होतं.

ठरवलं होतं अव्वानं. ती घराची मालकीण. साठीच्या पुढची, विधवा, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. पुढच्या खोलीत एकटी राहायची. ज्वारीच्या कडक भाकऱ्या थापून गिऱ्हाइकांना द्यायची, आणि आमचं भाडं यायचं, त्यावर तिचं चालायचं. एकुलती लेक अक्कलकोटच्या पलीकडे दिलेली. बोळातले सगळे तिला अव्वाच म्हणत, म्हणून आम्हीही. ती मला तम्मा म्हणायची. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. माझं वय तिच्या लेकीपेक्षा कमी होतं, पण बायकांच्या नात्यांचे हिशेब आपण करू नयेत.

अव्वाला अक्षरओळख नव्हती. लेकीची कार्डं यायची, तिकडच्या शाळामास्तरांनी मराठीत लिहून दिलेली. ती वाचायचं काम माझ्याकडे. मी कामावरून आलो, हातपाय धुतले की ती कार्ड घेऊन आमच्या उंबऱ्यावर बसायची. आधी माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायची. कागद वाचायच्या आधी वाचणाऱ्याचं तोंड गोड पाहिजे, म्हणजे आतनं वंगाळ निघत नाही, असं तिचं म्हणणं. मी गूळ खायचो, वाचायचो. वाचून संपलं की ती म्हणायची, “आता अजून एकदा.” मी पुन्हा वाचायचो. पहिल्यांदा ती बातमी ऐकायची, दुसऱ्यांदा लेकीला ऐकायची, असं माझी बायको म्हणे. मला दिवसभर वाचून, टाइप करून वीट आलेला असायचा. तरी त्या पाच मिनिटांचा कधी कंटाळा आला नाही, हे इथे सांगून ठेवतो. पुढे सांगायला तोंड राहणार नाही.

आम्ही पाडव्याला आलो. मिरीग जवळ आला, तरी मातीचं नाव नाही. आदल्या साली पाऊसच नव्हता. “पाऊस न्हाई तर माती कुणासाठी घालायची?” म्हणून तिने घातली नव्हती. या साली घालायची म्हणत होती, पण पांढरी माती गाढवांवरून आणून देणारी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती, ती परतलीच नव्हती. “येतील की आज उद्या,” ती म्हणायची. गाढवं आली नाहीत. पाऊस मात्र आला, आणि दोन वर्षांच्या उन्हाने भाजून निघालेल्या त्या मातीतून थेट आमच्या अंथरुणावर आला.

सारं सोलापूर पाऊस आला म्हणून आनंदात होतं. मला कुणी विचारलं असतं तर मी रडलो असतो. एक धार चुलीपाशी, एक देवाच्या कोनाड्यात, आणि तिसरी बरोबर झोळीच्या वर. झोळीत आमची आठ महिन्यांची मुलगी. परात, घमेलं, पातेली, शेवटी पाणी प्यायचा तांब्यादेखील धारेखाली लावून झाला. भांडी भरायची, बायको रिकामी करायची, पुन्हा भरायची. आम्ही दोघं एकमेकांशी बोलायचं विसरलो होतो. बोलायचं ते फक्त, “ती परात भरली बघा.”

मग मी शहाणपणा केला. मालकीण घालत नाही तर आपणच घालू. एका रविवारी बाळे गावाकडून येणारी एक बैलगाडी अडवली आणि गाडीभर माती विकत घेतली. काळी. चांगली चिकट, बोटाला लागली तर सुटत नव्हती. मी म्हटलं, जी माती एवढी चिकटते ती पाणी काय सोडणार! बायकोनं खालून पाट्या दिल्या, मी वर पसरल्या, दिवसभर धुमसाने चोपलं. हाताला फोड आले. अव्वा त्या दिवशी लेकीकडे गेलेली. तिला विचारावं असं मनात आलं होतं, पण ती परत येईपर्यंत कोण थांबणार.

आठवडाभर उघडीप मिळाली आणि काळ्या मातीने आपले गुण दाखवले. वर चढून पाहतो तर बोट जाईल एवढ्या भेगा. शेतात पडतात तशाच. अव्वा परतली, शिडीवरून वर आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

“हे काय करून ठेवलास रे तम्मा? काळी रानात, पांढरी घरावर. एवढं तर बारकं पोरबी सांगंल की.”

आणि हसली. मनापासून हसली. मीही हसलो, पण मला ते लागलं. पुढच्या पावसात पूर्वी तीन ठिकाणी गळणारं घर सात ठिकाणी गळायला लागलं. हात दाखवून अवलक्षण यालाच म्हणतात.

श्रावण गेला. मुलीला खोकला धरला तो सुटेना. भिंतींना ओल, अंथरुणाला कुबट वास, आणि झोळीतून येणारी ती घरघर. सिव्हिलमधल्या डॉक्टरांनी पाठीला नळी लावून ऐकलं आणि म्हणाले, “हिला कोरड्यात ठेवा.” जणू कोरडं कुठल्या दुकानात मिळतं आणि आम्ही आळसाने आणलं नव्हतं.

आणि मिळालं. श्रीपूरच्या साखर कारखान्यात टायपिस्टची जागा निघाली होती, ती मला मिळाली. तसा कागद पोस्टाने घरी आला. राहायला एक खोली, सिमेंटच्या छताची. अट एकच. दसऱ्याच्या आत हजर व्हायचं. बॉयलर पेटला की हंगामाची माणसं येतात आणि खोल्यांवर उड्या पडतात, मग तुमची खोली तुमची राहणार नाही, असं तिथल्या हेडक्लार्कने बजावलं होतं. महिना राहिला होता. पाडव्याला अजून सहा महिने.

बायको म्हणाली, “अव्वाला सांगून टाका.”

मी म्हटलं, “ती सोडणार नाही.”

याला कारण होतं. जुलैत बोळातल्या दुसऱ्या एका बिऱ्हाडाने मालकाला मध्येच घर सोडतो म्हटलं होतं. त्यावर अव्वा आमच्यादेखत त्यांना म्हणाली होती, “पावसात घर सोडत न्हाईत. मातीचं घर रिकामं राह्यलं की बसतंय.” ते खोटं नव्हतं. माणूस असलं तर चूल पेटते, धुराने तुळया शाबूत राहतात, कुणीतरी वर चढून भोकं बुजवतं. रिकाम्या माळवदाला पावसाळ्यात कुणी वाली नसतो. आणि भर पावसात, सात ठिकाणी गळणाऱ्या घरात नवा भाडेकरू कोण येणार? हे सगळं मला कळत होतं. म्हणूनच तर मी तिच्याशी बोललो नाही. मला वाद घालायचं त्राण नव्हतं. ती नाही म्हणेल, मी रागावेन, ती काळी माती काढेल, मी मुलीचा खोकला काढेन. हे सगळं मी मनातल्या मनात इतक्यांदा भांडून घेतलं होतं की प्रत्यक्ष भांडायची गरजच उरली नव्हती.

मी वकीलसाहेबांना विचारलं. त्यांनी पान तोंडात सारलं आणि म्हणाले, “तू इथे काम करतोस नि मला विचारतोस? दुरुस्ती मालकाची. केली नाही. घर राहण्याजोगं राहिलं नाही, तर मुदत कसली पाळायची? रीतसर नोटीस दे, तारीख टाक, नि नीघ. नुसता निघालास तर सहा महिन्यांचं भाडं मागेल.”

“काळी माती मी घातली होती साहेब.”

“ते तिला लिहू दे. तू कशाला लिहितोस?”

“आधी तोंडी सांगून बघू का?”

“तोंडी बोलण्याला कोर्टात काय किंमत असते, ते तुला मी सांगायला पाहिजे?”

सांगायची गरज नव्हती. मी मशीनला कागद लावला आणि माझ्याच अव्वाला नोटीस टाइप केली. आमचे अशील यांनी दिलेल्या माहितीवरून आपणांस कळविण्यात येते की. अशील मी, टायपिस्टही मी. एकही चूक झाली नाही. ‘आपण हेतुपुरस्सर दुर्लक्ष केले’ हे वाक्य नेहमीचंच होतं, शेकडो नोटिसांत घातलेलं. ते आपोआप बोटांतून उतरलं. साहेबांनी सही केली, रजिस्टर पोस्टाने गेली. बायकोला सांगितलं तेव्हा तिने मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. म्हणाली, “एका भिंतीपलीकडं राहते ती.” एवढंच म्हणाली, आणि ते पुरेसं होतं.

माणूस दमला की मूर्ख होतो, हे मी त्या महिन्यात शिकलो. भाडेकरूचे हक्क मला पाठ होते. मालकाच्या जबाबदाऱ्या पाठ होत्या. नोटीस कशी जाते, पोचपावती कशी येते, सगळं माहीत होतं. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. अव्वाला आलेला प्रत्येक कागद वाचायला माझ्याकडे येतो.

चौथ्या दिवशी मी कामावरून आलो, हातपाय धुतले, आणि उंबऱ्यावर अव्वा बसलेली. हातात लांबट पाकीट. आमच्याच ऑफिसचं. बायको चुलीपाशी पाठ करून बसली, ती वळली नाही.

अव्वाने माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला.

“कसला कागद आलाय बघ की तम्मा. अंगठा घेऊन दिलाय पोष्टमननं.”

मी गूळ तोंडात टाकला. तो विरघळेना. पाकीट फोडलं. मीच टाइप केलेल्या ओळी माझ्यासमोर उभ्या. वर तिचं नाव, खाली माझं. खरं वाचावं असं मनात आलं, अगदी तोंडापर्यंत आलं. तेवढ्यात झोळीत मुलगी खोकली आणि अव्वाने बसल्या बसल्या हात लांब करून झोळीला झोका दिला. माझा धीर गेला.

“नगरपालिकेचा कागद आहे अव्वा,” मी म्हणालो.

“व्हय? काय म्हणत्यात?”

“माळवदाची घरं गळतायत. मालकांनी पांढरी माती घालून घ्यावी. पंधरा दिवसांत.”

“अजून?”

“एवढंच.”

“एवढा मोठा कागद, नि एवढंच?”

“सरकारी कागद मोठेच असतात.”

तिने झोळीला आणखी एक झोका दिला. मग नेहमीप्रमाणे म्हणाली, “आता अजून एकदा.”

जे लिहिलेलंच नाही ते दुसऱ्यांदा कसं वाचायचं? मी कागदावर डोळे फिरवत, अडखळत, पुन्हा नगरपालिका वाचली. संपल्यावर मला जाणवलं की दुसऱ्या वेळी मी पंधराच्या जागी आठ दिवस म्हणालो होतो. अव्वाने ऐकलं. कागदाची घडी घातली, पाकिटात सारली, पाकीट कमरेच्या चंचीत खोचलं.

उठताना म्हणाली, “बरं. वाचलासा, लई उपकार.”

वाचलासा. त्या दिवसापर्यंत मी तू होतो. मी ते ऐकलं आणि मनाची समजूत घातली की कोर्टातल्या माणसाला मान दिला. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. माझ्या मनात ते लख्ख पडलेलं होतं, आणि मी डोळे मिटून बसलो होतो.

दोन दिवसांनी पोचपावती ऑफिसात माझ्याच टेबलावर आली. तिच्या अंगठ्याचा निळा ठसा. पीठ मळून मळून त्या अंगठ्यावरच्या रेषा पुसट झालेल्या. मी ती फाइलला लावली. त्या कामाचाच मी पगार घेत होतो.

त्यानंतर अव्वाने जे केलं ते बघताना मला तोंड लपवायला जागा पुरेना. पितृपक्ष चालू होता. बोळातल्या बायका म्हणाल्या, या पंधरवड्यात घराला हात लावू नये. “आमच्यात न्हाई पाळत,” म्हणून तिने त्यांना वाटेला लावलं. गाढववाल्यांना हुडकायला ती दोन दिवस गावाबाहेरच्या पालांपर्यंत चालत गेली. तिसऱ्या दिवशी गाढवं आली, पाठीवर गोण्या, गोण्यांत पडक्या गढीची पांढरी माती. आधी माझी काळी माती खरवडून काढायची होती. ते गाढववाल्यांनी करायला नकार दिला, ठरलं नव्हतं म्हणून. मग अव्वा स्वतः वर चढली. मी कामावर होतो. बायको सांगत होती, नऊवारीचा काचा मारून ती दुपारभर उन्हात खुरप्याने भेगाळलेली ढेकळं काढत होती आणि खाली टाकत होती. बायकोने वर यायचं म्हटलं तर म्हणाली, “तू लेकराजवळ बस. खाली धूळ येतीया, त्येच्या तोंडावर पदर धर.”

संध्याकाळी मी आलो तेव्हा बोळात काळ्या मातीचा ढीग पडला होता. माझा ढीग. मी तो ओलांडून घरात गेलो.

रविवारी मी धुमस घेऊन वर चढलो. चोपणं भाडेकरूचं, एवढी रीत तरी पाळावी म्हणून. अव्वा पाणी शिंपडत होती, मी चोपत होतो. दोघांनी मिळून अख्खं माळवद चोपलं आणि एक शब्द बोललो नाही. एरवी ती लेकीचं, जावयाचं, ज्वारीच्या भावाचं बोलत राहायची.

मग पाऊस आला. परतीचा, जोराचा. आम्ही सवयीने परात, घमेलं, पातेली घेऊन बसलो आणि वर बघत राहिलो. एक थेंब आला नाही. मुलगी शांत झोपली. बायकोने परात उलटी ठेवली आणि तिच्यावर डोकं टेकवून रडली. दमून रडली, दुसरं काही नाही. मी तिथे बसून विचार करत होतो की आता मी कुठल्या तोंडाने जाणार. नोटिशीतलं एकमेव कारण अव्वाने बुजवून, चोपून सपाट केलं होतं. आणि जायची तारीख तर मी तिला वाचून दाखवलीच नव्हती. म्हणजे एवढा उपद्व्याप करून सांगायचं ते राहिलंच होतं, तेही तोंडानेच.

जायच्या आदल्या दिवशी मी तिच्या दारात उभा राहिलो. ती भाकऱ्या थापत होती. मी सांगितलं, श्रीपूरला नोकरी लागलीय, खोली मिळालीय, मुलीला कोरडं पाहिजे म्हणून आधीच होकार दिला होता, उद्या निघतोय. एका दमात सांगितलं. चार वाक्यं झाली. महिनाभर मी ती चार वाक्यं टाळत होतो.

ती भाकरी उलटत म्हणाली, “दसऱ्याच्या आत जायचं आसंल.”

“हो.”

“बरं की. लेकराला बरं वाटंल तितं.”

बस. वाद नाही, पाडवा नाही, सहा महिने नाहीत. मी परत आलो आणि बायकोला विचारलं, तारखेचं तू बोलली होतीस का. ती म्हणाली, “मी कशाला बोलू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचा ट्रक बोळाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. सोलापुरात माल टाकून रिकामा परत चालला होता, त्यात आमचं सामान टाकलं. सामान म्हणजे दोन ट्रंका, अंथरुणं आणि ती सगळी भांडी. घर झाडून झालं. बायको मुलीला घेऊन पुढे गेली. मी कुलूप लावलं आणि किल्ली अव्वाला दिली. तिने ती चंचीत टाकली, आणि त्याच चंचीतून लांबट पाकीट काढलं. घड्या पडून मऊ झालेलं.

“जायच्या आदी एवढं वाचून द्या.”

“वाचलं होतं की अव्वा.”

“ते नगरपालिकेचं वाचलासा. आता ह्यात हाय ते वाचा.”

ती उंबऱ्यावर बसली, नेहमीच्या जागी.

“पोष्टमननं अंगठा घेतानाच पाकीट बघून सांगितलं, तुमच्या भाडेकरूच्या वकिलाकडनं आलंय म्हणून. म्हणलं, वाचताना तरी सांगतोय का बघावं. सांगाय आला न्हाईसा. मग कारखान्याच्या कागदाचं बोळात कळालं, दसरा कळाला. वाचायचं तेवढं राह्यलंय.”

मग पदराची गाठ सोडून तिने गुळाचा खडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मी तो तोंडात टाकू शकलो नाही. मुठीत धरला आणि दुसऱ्या हाताने कागद उघडला.

वाचलं. आमचे अशील यांनी दिलेल्या माहितीवरून. एकही शब्द गाळला नाही. आपण वेळोवेळी मागणी करूनही दुरुस्ती केली नाही.

“केली की,” अव्वा म्हणाली. मला नाही, कागदाला.

मी म्हणालो, “ह्याच्यानंतर केलीस अव्वा. मी जाणार हे माहीत असूनही कशाला केलीस?”

“रिकाम्या घराला माती जास्त लागती. आणि लेकरू तवर खोकत न्हवतं व्हय? वाचा पुढं.”

पुढे हेतुपुरस्सर होतं. तिने विचारलं, “हेतुपुरस्सर म्हंजे काय?”

“मुद्दाम.”

“मुद्दाम,” ती म्हणाली, आणि तिने बोळाकडे पाहिलं. तिथे काळ्या मातीचा ढीग तसाच होता, पावसाने बसलेला. “काळ्या मातीचं कुटं हाय ह्यात?”

“नाही.”

“न्हाईच?”

“नाही घातलं अव्वा.”

ती मान हलवत राहिली. तिकडून ट्रकचा हॉर्न वाजला. मी उरलेलं वाचलं, तारीख वाचली, वकीलसाहेबांची सही वाचली, शेवटी माझं नाव वाचलं. माझं नाव मी मोठ्याने वाचलं, कारण हळू वाचलं असतं तर तिने ते पुन्हा विचारलं असतं, असं मला वाटलं. गूळ मुठीत पाघळून बोटांच्या फटीतून मनगटापर्यंत आला होता. कागद तिच्या हातात देताना त्याला डाग लागला.

“तोंडानं सांगितलं असतंस तर अडवलं असतं का रे मी?” ती म्हणाली. एवढ्यापुरता मी परत तू झालो होतो.

आजही मला त्याचं उत्तर नक्की माहीत नाही. कदाचित अडवलं असतं, दोन दिवस भांडली असती, तिसऱ्या दिवशी शेंगाचटणी बांधून दिली असती. मी विचारलंच नाही, त्यामुळे आता ते कधीच कळणार नाही. मी खाली बघत उभा राहिलो आणि वाट पाहत राहिलो. लेकीचं कार्ड असो, पोस्टाची चिठ्ठी असो, कधी आलंच तर लग्नाचं आवतण असो, वाचून संपलं की अव्वा म्हणायची, “आता अजून एकदा.”

त्या दिवशी तिने कागदाची घडी घातली, चंचीत खोचला, आणि भाकऱ्या थापायला आत गेली. दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं नाही.